आपलं घर शेजाऱ्याने सांगायचं

मी चित्रकार नाही, पेंटर आहे. फरक सांगतो. चित्रकाराने रंगवलेल्या भिंतीसमोर लोक विचार करत उभे राहतात. पेंटरने रंगवलेल्या भिंतीसमोर लोक लघवीला उभे राहतात, आणि मग ‘येथे लघवी करू नये’ असं लिहायला पुन्हा पेंटरलाच बोलावतात. हे वाक्य मी दिग्रसपासून आर्णीपर्यंत इतक्या भिंतींवर लिहिलं आहे की माझ्या अक्षराची खरी ओळख लोकांना त्याच वाक्यामुळे आहे. ते वाचून एखाद्याने चेन परत वर ओढली, असं मात्र चाळीस वर्षांत एकदाही पाहिलं नाही.

धंदा तसा सोपा. भिंत घासायची, प्रायमर मारायचा, सुताला नीळ लावून दोन्ही टोकं ताणून धरायची आणि मधे ओढून सोडायचं. टप्प असा आवाज येतो आणि सरळ निळी रेघ उमटते. अशा दोन रेघांमध्ये अक्षरं बसवायची. मोठं चित्र असलं की भिंतीवर चौकोन आखून कागदावरचा एकेक चौकोन भिंतीवर न्यायचा. एवढंच. बाकी सगळं कौशल्य गिऱ्हाइकाला गप्प बसवण्यात असतं. कारण पाटी लावणारा माणूस म्हणजे लग्नातला फुगलेला जावई. त्याला आपल्या नावाआधी ‘सुप्रसिद्ध’, नंतर ‘नामांकित’ आणि खाली ‘आमची कोठेही शाखा नाही’ हवं असतं. त्याला शाखा कोण मागतंय?

माझे उस्ताद म्हणत, दुकानाचं नाव मालकाला कधी विचारू नये, बाजूच्या दुकानदाराला विचारावं. एकाने मला ‘श्री समर्थ होलसेल किराणा भुसार भांडार’ लिहायला सांगितलं. मी बाजूच्याला विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘ते नं? फुटाण्यावाला.’’ पाटी मी मालकाच्या मर्जीने केली, पण पत्ता आजही सगळे फुटाण्यावाला असाच सांगतात. उस्तादांची ही शिकवण पुढे माझ्या फार कामी आली आणि एका बाईच्या फार जिव्हारी लागली. तेच सांगायला बसलो आहे.

त्याआधी एक गंमत. एका न्हाव्याने मला ‘न्यू दुबई जेन्ट्स पार्लर’ लिहायला सांगितलं. मी म्हटलं, ‘‘दुबईले गेलता काय?’’

‘‘पुसदच्या पुढं कधी गेलो नाई, पेंटरभाऊ. कामच पडलं नाई.’’

आणि पुण्यात टेम्पो चालवणारी आपली पोरं दिवाळीला घरी आली की टेम्पोच्या मागे काय लिहून घेत? ‘दिग्रसकर’. दिग्रसमध्ये होते तेव्हा हीच पोरं ‘काय ठेवलंय या गावात’ म्हणून चौकात थुंकत बसायची. दिग्रसमध्ये बसलेला दुबई लिहितो आणि पुण्यात बसलेला दिग्रस लिहितो. माणूस जिथे नसतो तिथलं नाव पाटीवर टाकतो, हा निष्कर्ष मी फुकटात काढलेला आहे. एका मिठाईवाल्याने ‘राजस्थानी’ लिहून झाल्यावर खाली मूळ गावाचंही नाव लिहा म्हटलं, आणि ते त्यालाच आठवेना. त्याने बापाला फोन केला, बापाने काकाला केला, तोवर माझ्या डब्यातल्या रंगावर साय धरली. शेवटी म्हणाला, ‘‘नुसतं राजस्थान राहू द्या. मोठं आहे, कुठंतरी असेलच.’’

लग्नाच्या भिंती हे आमचं दुसरं उत्पन्न. आपल्याकडे घरात लग्न निघालं की दर्शनी भिंत पांढरी करून पेंटरला बोलावतात. वर गणपती, दोन बाजूंना केळीचे खांब, दारात भालदार-चोपदार आणि मधे नवरा-नवरीचं नाव. मुलगी सासरी जाते, नाव भिंतीवर राहतं. आर्णीच्या एका बाईने पुढच्या दिवाळीला सगळं घर रंगवून घेतलं, पण पोरीच्या नावाचा चौकोन सोडायला सांगितला. ‘‘पोरगी गेली, नाव तं राहू दे.’’ मी तेव्हा हसलो होतो. चांगली गुळगुळीत भिंत आणि मधे ठिगळ, असं म्हणालो होतो. आज लाज वाटते.

मग फ्लेक्स आला. पुढाऱ्यांची तोंडं खऱ्या आकाराच्या दहापट मोठी झाली आणि आमचे ब्रश खुंटीला लागले. मी पाटीवरची धूळ झटकत घरी बसलो होतो, तेव्हा एका गावातून बोलावणं आलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे एका माणसाची लाज निघणार आहे. धरणात जुनं गाव बुडालं, त्याला तीस-पस्तीस वर्षं झाली. सरकारने माळावर नवं गाव वसवलं. सरळ रस्ते, नंबर टाकलेले प्लॉट, आणि ते प्लॉट वाटले चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठीने कुणावर अन्याय केला नाही, फक्त शेजार मोडला. ज्याच्या कोंबड्यांवरून बापजाद्यांपासून भांडण, तो गेला गावाच्या दुसऱ्या टोकाला. भांडायला कोण उन्हात एवढं चालत जातं? भांडणं बंद पडली आणि भांडणांबरोबर बोलणंही बंद पडलं.

तिथे पुण्याच्या एका संस्थेच्या मॅडम आल्या होत्या. पोरगी मनाने चांगली, डोळ्यांवर गोल चष्मा, अंगात इंडिगोचा कुर्ता. त्यांनी ग्रामपंचायतीसमोर फ्लेक्स लावला होता: ‘स्थलांतर आणि आपलेपण: कला व कथाकथनातून एक शोध’. गावकरी तीन दिवस मला विचारत होते की ही शासनाची कोणती योजना आणि तिच्यात नाव लागायला कोणते कागद लागतात. मॅडमनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना गोलात बसवून रंगीत पेन्सिली वाटल्या आणि म्हणाल्या, ‘‘तुमच्या मनातलं गाव काढा.’’ एका आजोबांनी शेळी काढली. मॅडमनी विचारलं, ‘‘ही शेळी कशाचं प्रतीक आहे?’’

‘‘शेरीचं,’’ आजोबा म्हणाले. शेळीला तिकडे शेरी म्हणतात. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी ठरलं की शाळेच्या लांबलचक कंपाउंडवर जुन्या गावाचं चित्र काढायचं, घराघराचं, खाली नावांसकट. मॅडम पुढच्या गावाला गेल्या. मागे राहिले मी, रंगाचे डबे आणि सरपंच वंदनाताई. वंदनाताई म्हणजे तिशीतली, हुशार, जुनं गाव बुडालं तेव्हा ती जन्मलीही नव्हती. ती म्हणाली, ‘‘पेंटरभाऊ, आमच्या पोरांले दाखवाले काहीच नाई. उन्हाळ्यात पानी उतरलं का देवळाचा कळस दिसते, तेवढंच. तुमी लोकांले विचारून विचारून काढा.’’

विचारायला सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं की हे गाव बुडालं नाही, फुगलं आहे. प्रत्येकाचं घर मारुतीच्या देवळासमोर होतं. सगळ्यांचं ऐकलं असतं तर मारुतीला चहूबाजूंनी तोंडं काढावी लागली असती. प्रत्येकाची विहीर गोड. प्रत्येकाचा ओटा दगडी. एकाच्या दारातला कडुनिंब त्याने हात पसरून इतका मोठा सांगितला की त्याच्या सावलीत दारव्हा आलं असतं. कुडाचं घर कुणाचंच नव्हतं. मी चौकोन आखून बसलो होतो आणि गाव चौकोनात मावेना.

तेव्हा उस्तादांची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी मी भिंतीशी उभा राहून जाहीर केलं, ‘‘आजपासून आपलं घर आपन सांगाचं नाई. जुन्या गावातल्या शेजाऱ्यानं सांगाचं. शेजारी येईन, तवाच घर भिंतीवर जाईन.’’

मग जी मजा सुरू झाली ती पुढे दहा-बारा दिवस टिकली. लोक आपले जुने शेजारी शोधत गावभर फिरू लागले. ज्यांची चिठ्ठीनंतर तोंडं फिरली होती ते एकमेकांच्या दारात जाऊन म्हणत, ‘‘चाल बे, माहं घर सांग.’’ एकाचा शेजारी पुण्यात वॉचमन होता, तो व्हिडिओ कॉलवर आला. त्याला मी भिंत दाखवली, तर तिथून ओरडतो, ‘‘दगडी ओटा कायचा? मोडका होता! मोडकाच काढा!’’ शेजारी सांगू लागला की खरं निघतं आणि थोडी खुन्नसही निघते. कुणाच्या भिंतीला चीर आली, कुणाच्या छपराचा टिन उडाला. एक आजी म्हणाली, ‘‘हिच्या चुलीचा धूर सारा माह्या घरात ये. धूर काढ.’’ मी धूर काढला, माझ्या हातून फार सुरेख उतरला. वंदनाताईच्या सासऱ्यांच्या घरामागे उकिरडा निघाला. ती हळूच येऊन म्हणाली, ‘‘भाऊ, तो उकिरडा थोडा लहान नाई का करता येत?’’ मी म्हटलं, शेजाऱ्याला विचार.

याच दिवसांत लसमाबाई आली. सत्तरीच्या पुढची, काटक, कमरेला तंबाखू-चुन्याची पिशवी. ती समोर बसली, तंबाखू मळली आणि मी रंगवत असलेल्या घराकडे पाहून म्हणाली, ‘‘हे भिंत अशी सरळ नोती. इले पोट होतं.’’

मी म्हटलं, ‘‘तुले कसं मालूम, माय?’’

‘‘दर दिवाळीले मीच पोतारे नं.’’

आपल्याकडे मातीच्या भिंतींना सणाआधी पांढऱ्या मातीचा हात देतात, त्याला पोतारणं म्हणतात. जुन्या गावात ते काम लसमाबाईचं होतं. ती आणि तिचा नवरा रस्त्याची खडी फोडायला पैनगंगेपलीकडून आलेले. नवरा गेला, ती राहिली आणि गावाच्या भिंती पोतारू लागली. वरची आळी, खालची आळी, बौद्धवाडा, सगळ्या भिंतींवरून तिचा तळवा फिरलेला. कुठल्या भिंतीत कोनाडा, कुठल्या दाराचा उंबरा झिजलेला, बौद्धवाड्यात कुणाकडे खालचा पट्टा निळीचा, सगळं तिच्या हातात होतं. ज्यांचे शेजारी मेले होते त्यांची घरं तिने सांगितली. कितीतरी घरं. आम्ही दोघंही भिंतीवर पोट भरणारे, त्यामुळे आमचं जमलं. ती माझ्या कामाला नावं ठेवी आणि मी तिच्या तंबाखूला हात घाली.

चित्र जवळजवळ पूर्ण झालं, तेव्हा तिने विचारलं, ‘‘अन् माहं घर?’’

‘‘शेजारी आन,’’ मी म्हणालो.

हे मी अगदी सहज म्हणालो. नियम माझा होता, गाजला होता, मी जरा चढलोही होतो. तिने तंबाखूची चिमूट परत पिशवीत टाकली. मग म्हणाली, ‘‘नेम चांगला केला तू, पेंटर. पन माहा शेजारी माह्यासंग तीस वरसं बोलला नाई. तो काय सांगन?’’ आणि पिशवी कमरेला खोचून निघून गेली.

बाजूला चारजण उभे होते. त्यांतला एक म्हणाला, ‘‘जाऊ द्या, ते बाहेरची हाये.’’ ज्यांचं अख्खं गाव पाण्याखाली गेलं आणि जे दुसऱ्यांच्या माळावर येऊन बसले होते, ते लोक हे म्हणत होते. मला हसू आलं, पण मीही काही बोललो नाही. पोटावर पाय येईल म्हणून नाही, कंटाळा म्हणून. हे लिहून ठेवतो.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी ब्रश धरून बसलो, पण कुठे पोट, कुठे कोनाडा हे सांगणारं कुणी नाही. शेवटी तिच्याकडे गेलो. गावाबाहेर डांबरी रस्त्याच्या कडेला, सरकारी पडीक जागेवर तिची झोपडी. प्लॉट तिला मिळालाच नव्हता. झोपडी कुडाची, पण भिंत अशी पोतारलेली की माझे चांगले चांगले बोर्ड लाजावेत. तिने मला कोरा चहा दिला.

‘‘माय, रागावली काय?’’

‘‘तुह्यावर कायले रागवू? साहेब यादी कराले आले तवा मी नदीपल्याड माह्या मायच्या मयतीले गेलती. आली तं यादीत माह्या घरापाशी लिवलं होतं, दौलतचा गोठा. तो बाजूलेच राहे. त्यानं सांगतलं, साहेबानं लिवलं. मोबदला त्याले भेटला.’’ ती चुन्याची डबी बंद करत म्हणाली, ‘‘त्या गोठ्यात बैल कधी नोते, पेंटर. मी होती.’’

आता माझी पंचाईत झाली. कारण दौलतभाऊंचा गोठा मी भिंतीवर काढून मोकळा झालो होतो. लसमाबाई यायच्या आधीच, त्या बाजूचे दुसरे शेजारी उरले नव्हते म्हणून वंदनाताईने बुडीत गावाच्या नकाशाची प्रत आणली होती आणि नकाशात गोठा होता. म्हणजे सगळ्या गावाला शेजाऱ्याचा नियम लावणाऱ्या माणसाने या एकाच ठिकाणी कागदावर विश्वास ठेवला होता. आणि गोठ्यात मी दोन बैल काढले होते. खरं सांगतो, आयुष्यात मी एवढे चांगले बैल काढले नाहीत. एकाची मान वळलेली, दुसऱ्याच्या पाठीवर कावळा. आणि आता ते पुसायचे होते.

‘‘तुले भिंतीवर घर पायजेच काय?’’ मी विचारलं. चोराच्या मनात चांदणं.

‘‘घर घेऊन काय करू? मले फक्त कोनी म्हनावं, का हे बाई इथं राहे. एकानं म्हनावं. मी मेली का कोन सांगन, मी कुठली होती? नदीपल्याडचे म्हनतात तू तिकडची, हे म्हनतात तू तिकडची.’’

हे ती रडत वगैरे म्हणाली नाही. चहाची बशी धुता धुता म्हणाली. 

दौलतभाऊ म्हणजे गावातलं वजनदार माणूस. ऐंशीला टेकलेले, पांढरंशुभ्र धोतर, दोन मुलांचे दोन प्लॉट शेजारी शेजारी. वाईट माणूस नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गोष्टीत असा माणूस आला की लोकांना तो मिशा पिळणारा हवा असतो. हे भाऊ शाळेच्या पोरांना बोरं वाटत. त्यांच्यासमोर जाऊन ‘तुम्ही खोटं सांगितलं’ म्हणण्याची माझी छाती नव्हती. मग मी पेंटर लोकांना जमतो तेवढा आचरटपणा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपाशी अर्धं गाव जमलेलं. भाऊ काठी टेकत आले. मी बारीक ब्रश रंगात बुडवला आणि मोठ्याने म्हणालो, ‘‘भाऊ, बैलांची नावं सांगा. खाली लिहून टाकतो.’’

आता बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्याकडचा शेतकरी नातवाचं नाव विसरेल, बायकोची जन्मतारीख तर त्याला कधीच माहीत नसते, पण बैलाचं नाव विसरत नाही. पोळ्याला ज्याची पूजा केली, ज्याच्या शिंगांना बेगड लावलं, तो बैल पन्नास वर्षांनीही नावानेच आठवतो. मी विचारायचा अवकाश, बाजूचे दोन म्हातारे आपापल्या बैलांची नावं सांगायलाही लागले. भाऊ बोलले नाहीत.

‘‘सांगा नं भाऊ,’’ कोणीतरी म्हणालं. ‘‘डाव्या अंगाचा कोनता होता?’’

भाऊंनी बैलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ते खोटं नाव सांगू शकले असते. राजा म्हणाले असते, सर्जा म्हणाले असते, कोण तपासणार होतं? पण बैलाचं नाव खोटं सांगणं त्यांना जमलं नाही. यादीत गोठा खोटा सांगता आला होता. ते वळले आणि काठी टेकत घरी गेले.  आपण एका म्हाताऱ्याला चारचौघांत उघडं केलं, हे मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं. 

दुसऱ्या दिवशी मी आलो तर भाऊ भिंतीशी आधीच बसलेले. एकटे.

‘‘बैल पूस,’’ ते म्हणाले.

मी चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली. कावळा आधी गेला.

‘‘दार होतं तिथं. तुरीच्या तुराट्यांचं. उंची कमी, वाकून जा लागे.’’ मी खडूने खुणा करत गेलो. ‘‘बाजूले माठ. माठावर जर्मनचा गिलास. आंगन एवढंसं, पन सारोलेलं राहे.’’ मी अंगण आखलं.  ‘‘अन् दारात रांगोळी. रोज काढे ते. माही माय म्हने, एवढी साफ जागा तं आपल्या देवापाशी बी नाई.’’ त्यांनी काठीचं टोक मातीत रुतवलं. ‘‘गोठ्याच्या दारात कोन रांगोळी काढते, पेंटर? साहेबानं जरा वाकून पाहलं असतं तं त्याले समजलं असतं. मले तं समजतच होतं.’’

मी विचारलं, ‘‘खाली नाव काय लिहू?’’

‘‘तिलेच विचार. मले पुरं नाव मालूम नाई.’’ आणि डोळे पुसायला त्यांनी धोतराचा सोगा घेतला तो बराच वेळ ठेवला.

मी लसमाबाईला आणायला गेलो. ती आली, वंदनाताई आली, गाव आलं. भाऊ उठले नाहीत आणि ती त्यांच्याकडे वळली नाही. मला वाटलं होतं, घर पाहून तिला भरून येईल. तिने घराजवळ नाक नेलं, बोटाने भिंत खरवडली आणि म्हणाली, ‘‘हे काय लावलं? माह्या घराले ऑइल पेंट?’’

पिशवीत तिने घरून पांढरी माती आणली होती. तिने बादलीत ती कालवली आणि तळवा भरून माझ्या चित्रावर हात फिरवला. ऑइल पेंटवर माती कशी धरणार? सगळी घसरून तिच्या पायावर आली. पोरं हसली, तीही हसली. मग मी पत्रीने तेवढा चौकोन खरवडला, पार विटेपर्यंत, आणि तिने त्यावर दोन हात दिले. बाकी गाव माझ्या रंगात, तिचं घर तिच्या मातीत. दार, माठ आणि रांगोळी मी वाळल्यावर वरून काढली. खाली पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट.

इथे गोष्ट संपवली तर बरं दिसेल. भाऊंनी एक प्लॉट तिला देऊन टाकला असंही लिहिता येईल, संपादकांना आवडेल. पण दिला नाही. मुलांनी त्यावर स्लॅब टाकला होता. वंदनाताईने अर्ज केले, खेटे घातले, साहेब लोक म्हणाले यादीत गोठा आहे, भिंतीवरचं चित्र पुरावा होत नाही. लसमाबाई अजून रस्त्याच्या कडेलाच आहे. भिंतीवर घर मिळालं, जमिनीवर नाही, आणि यात माझ्या कलेने काही केलं असं कोणी म्हणालं तर मी त्याला ‘येथे लघवी करू नये’ची भिंत दाखवतो.

मातीचं एक आहे, ती पावसात जाते. दरवर्षी पावसाळ्यात लसमाबाईचं घर वाहून जातं आणि दिवाळीआधी ती येऊन पुन्हा पोतारते. मी मागून जाऊन दार आणि माठ काढतो. त्यामुळे झालं असं, की उन्हाने माझा रंग उडाला, दगडी ओटे फिके पडले, धूर पुसला गेला, उकिरडाही दिसेनासा झाला (वंदनाताई खूश आहे), पण तिचं घर दरवर्षी नवं असतं.

मागच्या दिवाळीला तिचा खांदा उचलेना. मला निरोप आला, ‘‘माती तू लाव.’’ मी चाळीस वर्षं भिंती रंगवल्या, पण मातीत हात घातला नव्हता. ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मला शिव्या देत होती, ‘‘अंगठा कायले दाबतं? हे काय भाकर हाये?’’ भाऊ पलीकडे कट्ट्यावर बसले होते, नेहमीसारखे. ती आली की ते येतात. बोलत नाहीत, बसतात.

रस्त्याने मेळघाटातून कापूस वेचायला आलेलं कुटुंब चाललं होतं. डोक्यावर गाठोडी, कडेवर लेकरू. सावलीला म्हणून भिंतीशी थांबले. त्यांतल्या बाईने चित्र पाहिलं, सगळी फिकट घरं सोडून त्या एका ओल्या, पांढऱ्या घरावर बोट ठेवलं आणि भाऊंना विचारलं, ‘‘बाबा, ये किसका घर है?’’

भाऊंनी खाकरून घसा साफ केला.

‘‘हमारी शेजारीन का,’’ ते म्हणाले.

माझा हात भिंतीवर तसाच राहिला. लसमाबाईच्या शिव्या एकदम बंद झाल्या. मी मागे वळून पाहिलं नाही, माझी हिंमत झाली नाही. मग तिचा आवाज आला.

‘‘ऐकत काय उभा राह्यला बे, पेंटर? माती वाळून राह्यली.’’